ट्रॅक्टरवरचा रेडिओ

ट्रॅक्टरच्या मडगार्डला रेडिओ बांधून रान नांगरणारे तुमच्यात किती असतील, मला ठाऊक नाही. मी बांधला होता. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चार पट्ट्या कापून, डाव्या मडगार्डवर, कानापासून हातभर अंतरावर. तीन वर्षं तो तिथं होता. त्या तीन वर्षांत काय काय ऐकलंस, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर, फार थोडं. काय ऐकायचं राहून गेलं, ते मात्र सांगण्यासारखं आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं गाव तासगाव तालुक्यात, सांगलीच्या उत्तरेला. 1976 साली भूविकास बँकेचं कर्ज काढून आम्ही पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला. घरचं रान बारा एकर, त्यामुळं हप्ता भागवायचा तर लोकांची नांगरट भाड्यानं करणं भाग होतं. त्याआधी आमच्याकडं किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर होता. त्याला सहा बैल लागायचे. दोन जोड्या आमच्या आणि शेजाऱ्याच्या मिळून, तिसरी सावडीची. बैल हाकायला पोरं, नांगराला तात्या, ढेकळं फोडायला आणखी कुणीतरी. चार-पाच माणसं दिवसभर एका रानात असायची. बोलणं चालायचं, थट्टा चालायची, एखादा मोठ्यानं गाणं म्हणायचा. भांडणंसुद्धा व्हायची. पण रान कसं भरल्यासारखं वाटायचं.

ट्रॅक्टर आला आणि त्या रानात मी एकटा उरलो. लोक म्हणतात, ट्रॅक्टरनं बैल नेले. बैल नेलेच, पण बोलणंही नेलं, हे कुणी सांगत नाही. सकाळी सातला सीटवर बसायचं, दुपारी भाकरीला उतरायचं, पुन्हा दिवस मावळेपर्यंत तीच घरघर. बांधावरून कुणी हात केला तर आपण हात करायचा. तो काय बोलला ते कळायचं नाही आणि आपण काय बोललो ते त्याला कळायचं नाही. मला तेव्हा पंचविशी लागलेली. त्या एकटेपणानं जीव कातावून जायचा.

घरात रेडिओ होता. तो कारभारणीचा. लग्नात तिच्या वडिलांनी दिलेला, चामड्याच्या भोकाभोकांच्या पिशवीतला, चार मोठ्या सेलवर चालणारा. पोस्टात जाऊन त्याचा परवाना दरवर्षी मीच भरायचो, त्यामुळं त्याच्यावर आपलाही हक्क आहे असं मला वाटायचं. एका सकाळी तो उचलून मी रानात नेला. ती चुलीपाशी होती. एवढंच म्हणाली, "संध्याकाळी आणताय न्हवं?" आणायचो, पण संध्याकाळपर्यंत सेल उतरलेले असायचे. तिच्या वाट्याला पुटपुटणारा रेडिओ यायचा.

आता त्या रेडिओची एक गंमत सांगतो. पेट्रोलच्या मोटारसायकलजवळ रेडिओ धरला तर प्लगच्या ठिणगीनं खरखर येते. डिझेलच्या इंजिनाला तो प्लगच नसतो, त्यामुळं आमचा रेडिओ त्या बाबतीत स्वच्छ वाजायचा. पण तास संपून बांधाकडेनं ट्रॅक्टर आडवा वळवला की सांगली केंद्र गप्प! पुन्हा तासाला लागलो की सुरू. मला वाटायचं, वळताना सेल हलतात. मग मी कागदाच्या घड्या घालून सेल घट्ट बसवले, तरी तेच. पुढं एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं उलगडा केला. मिडियम वेव्हच्या रेडिओत एक काळी कांडी असते, तिच्यावर बारीक तारेचे वेढे असतात. ती कांडी केंद्राला आडवी असली की आवाज चांगला पकडते, तिचं टोक केंद्राकडं झालं की पकडत नाही. माझा रेडिओ मडगार्डवर आडवा बांधलेला, रानातली तासं दक्षिणोत्तर आणि सांगली दक्षिणेला. तासात असताना कांडी केंद्राला आडवी पडायची, बांधाकडेला तिचं टोक नेमकं सांगलीकडं व्हायचं. तुमच्या घरी जुना रेडिओ असेल तर गोल फिरवून बघा.

त्याचा दुसरा एक गुण फार उपयोगी होता. वळवाच्या दिवसांत ढग दिसायच्या आधी रेडिओत कडकड सुरू व्हायची. वीज कुठंतरी लांब चमकली की तिचा चटका रेडिओला बसतो. कडकड दाट व्हायला लागली की तात्या म्हणायचे, चला आता. आज पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी नावाचं ॲप मोबाईलवर विजेची सूचना देतं. ज्यांच्याकडं मोबाईल आहे त्यांनी ते घेऊन ठेवावं, उघड्या रानात ट्रॅक्टरवर बसणाऱ्यानं तर जरूर घ्यावं.

तर, ऐकण्याविषयी. ट्रॅक्टर सुरू असताना रेडिओ ऐकायचा म्हणजे त्याचा आवाज इंजिनाच्या वर काढावा लागतो. गोल बटण शेवटपर्यंत पिळायचं. त्यात आमचा सायलेन्सर गंजून भोकं पडलेला, तो बदलायचं मी वर्षभर पुढं ढकललेलं. एवढं करून कानात काय पडायचं? गाण्याची चाल पडायची. शब्द ओळखीचे असले तर आपणच मनात भरून घ्यायचो. पण बोलणं आलं की अर्धं गळायचं आणि त्यातही नेमका आकडा गळायचा. बाजारभाव लागले की गुळाचा सौदा कळायचा, भाव कळायचा नाही.

1978 साली शाळवाच्या पेरणीआधी शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात बियाण्याला गंधक चोळण्याची माहिती लागली. काणीचा त्रास आम्हाला दरसाल होता, कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी. मी कान टवकारले. "एक किलो बियाण्यास" इथपर्यंत ऐकू आलं, मग फण दगडाला लागून ट्रॅक्टर गुरगुरला, आणि पुढं "ग्रॅम गंधक" एवढंच. मधला आकडा गेला. इंजिन बंद करून नीट ऐकावं, हे काही सुचलं नाही. चालत्या कामात इंजिन बंद करणं म्हणजे डिझेल आणि दिवस दोन्ही वाया, अशी समजूत. मी आपला अंदाजानं मूठभर गंधक, तेही जाडंभरडं, बियाण्यावर टाकलं. काणी आली ती आलीच.

हीच माहिती दोन वर्षांनी कारभारणीनं चुलीपाशी बसून ऐकली. रेडिओ तेव्हा पुन्हा तिच्याकडं गेला होता. का गेला, ते पुढं सांगतो. मी रानातून आलो तर म्हणाली, "किलोला चार ग्रॅम गंधक. तीनशे मेशचं, बारीक. न्हाईतर चिकटत न्हाई." तिनं कोळशानं भिंतीवर चार आणि तीनशे असे दोन आकडे लिहून ठेवले होते. त्या साली आमच्या शाळवात शोधून काणी सापडत नव्हती.

तेव्हापासून मी मानतो की रेडिओ बसून ऐकायची वस्तू आहे. हे मी एकटाच म्हणत नाही. 1956 साली पुणे आकाशवाणीनं आसपासच्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला होता. गावात वीसेक माणसांचं मंडळ करायचं, आठवड्यातून दोनदा एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, रेडिओ बंद करायचा आणि मग त्यावर बोलायचं. पटलं तर करायचं. दहा आठवडे तो चालला आणि त्याचं कौतुक बाहेरच्या देशांतही झालं. पुढं तमिळनाडूत तंजावरकडं भाताचं एक वाण रेडिओवरच्या माहितीनं इतकं पसरलं की लोक त्याला रेडिओ भातच म्हणायला लागले. ती माणसं रेडिओपुढं बसून ऐकत होती. पेरायचं कधी आणि खत किती, हे आकडे त्यांच्या कानात नीट पडले असणार.

आता तो दिवस. ऑक्टोबर 1979. हस्ताचा पाऊस पडून गेला होता आणि काळ्या रानाला सुरेख वापसा आला होता. तुम्हाला सांगायला नको, शाळवाच्या पेरणीत वापशाचे चार दिवस म्हणजे सगळं वर्ष असतं. मी कल्टिव्हेटरनं पाळी घालत होतो, मागून लोक बैलांच्या कुरीनं पेरत होते. आमचं चार एकर आणि भाड्याचं सहा एकर व्हायचं होतं.

त्याच दिवशी कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीचा शेवटचा दिवस होता. समालोचन एकदा इंग्रजीतून, एकदा हिंदीतून. इंजिनाच्या आवाजात ते दोन्ही मला सारखंच. कळायचा तो फक्त प्रेक्षकांचा कल्लोळ. कल्लोळ उठला की काहीतरी घडलं. मग मी डावीकडं वाकून कान रेडिओला लावायचो आणि कोण बाद झाला ते पकडायचा प्रयत्न करायचो. त्या दिवशी कल्लोळ एकामागून एक उठत होते. मी जवळजवळ अर्धा वेळ वाकलेलाच होतो.

एकदा सरळ झालो तर समोर वाफ. रेडिएटरच्या झाकणाखालून फसफस वाफ येत होती आणि इंजिन जड झालं होतं. बंद केलं. पुढं जाऊन बघतो, तर पंख्याचा पट्टा नाहीच. तुटून कुठंतरी तासात पडला होता. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप. पाणी फिरायचं थांबून किती वेळ झाला होता, देव जाणे. चार्जिंगचा तांबडा दिवा पेटायला हवा होता, पण तो बल्ब उडाल्याला सहा महिने झाले होते.

मिस्त्री सांगलीहून आला. हेड वाकलेलं, गॅस्केट फुटलेलं. हात पुसत तो मला म्हणाला, "पट्टा तुटताना फटकारा मारतो. आवाज आला न्हाई?" मी काय सांगणार? वरच्या बांधावरचा शेजारी तिथंच उभा होता. तो म्हणाला, "दोन दिस झालं त्यो पट्टा चीं चीं वरडत हुता. मला वाटलं तुमास्नी म्हाईत असंल." दोन दिवस! बांधावरच्या माणसाला ऐकू येत होतं आणि सीटवरच्या माणसाला नाही.

तात्या मला कधी फारसं रागे भरायचे नाहीत. त्या दिवशी ते ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसले होते. म्हणाले, "बैल लंगडाय लागला तर डोळ्याला दिसतंय. ह्येचं लंगडणं कानांनीच कळायचं. आन् कान तर तू कानपुराला धाडल्यालं."

दुरुस्तीला अकरा दिवस आणि अठराशे रुपये लागले. कसोटी आपण 153 धावांनी जिंकली, हे मला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कळलं. तात्यांनी उसन्या दोन बैलजोड्या आणून कुळव धरला, चांदण्यात सुद्धा. म्हातारं माणूस चाड्यावर मूठ धरून तासामागून तास चालत होतं आणि मी पुढं बैल हाकत होतो. चारातलं दोन एकर पेरून झालं, बाकीच्या दोन एकराची ओल उडाली. भाड्याची सहा एकरं ज्यांची, ते दुसरीकडं गेले. त्यातल्या एकानं पुढं कधीच बोलावलं नाही. त्या वर्षीचा हप्ता दोन म्हशींतली एक विकून भरला. म्हैस कारभारणीच्या हातावरची होती. ती दावं सोडून देताना काही बोलली नाही. त्या रात्री मी ट्यूबच्या पट्ट्या सोडल्या आणि रेडिओ पुसून चुलीजवळच्या फळीवर ठेवला.

इथं हे संपायला हवं होतं. पण कानाचा हिशेब उशिरा येतो. मुलगी मला 2009 साली मिरजेला तपासायला घेऊन गेली. घरात मी टीव्ही मोठा लावतो, बायका बोलतात ते अर्धं ऐकत नाही, अशी तक्रार. मला वाटायचं, बायकाच हल्ली हळू बोलतात. डॉक्टरांनी कानाला यंत्र लावून बारीक-मोठे आवाज ऐकवले आणि आलेख काढून दिला. दोन्ही कान उतरलेले, डावा जास्त. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ट्रॅक्टर चालवत होता का?"

डावाच का, तेही त्यांनी सांगितलं. मागचा नांगर बघायला आपण उजव्या खांद्यावरून वळतो, तेव्हा डावा कान इंजिनाकडं होतो. तास सरळ ठेवायचा तर दिवसातून हजारदा मान वळवावी लागते. माझ्या डाव्या कानाला वर रेडिओही होता. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी साधारण नव्वद ते शंभर डेसिबल आवाज असतो. पंच्याऐंशी डेसिबलपर्यंत आठ तास काम करायला हरकत नाही असं मानतात. पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे चौऱ्याण्णव डेसिबलला एकच तास! आम्ही तर दहा-दहा तास बसत होतो. कानाच्या आतले बारीक केस त्यानं मरतात आणि डोक्यावरच्या केसांसारखे पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ, थ ही अक्षरं गळतात, बायकांचे आणि पोरांचे आवाज गळतात. नात "साखर" म्हणते आणि मी "भाकर" आणून देतो, हे आमच्या घरातलं रोजचं हसू आहे. मीही हसतो. पण ती काही गुपित सांगायला कानाशी येते तेव्हा मला फक्त ऊब कळते, शब्द कळत नाहीत.

आता ट्रॅक्टर थोरला चालवतो. शाळवाच्या रानात द्राक्षं आली. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनीच्या भीतीनं फवारण्या सुरू होतात, त्या ट्रॅक्टरच्या ब्लोअरनं. तुम्ही ऐकला असेल तो आवाज, पंखा सुरू झाला की छातीत घुमतो. गेल्या हंगामात एका पहाटे मी ओळीच्या टोकाला उभा होतो. थोरला फवारत येत होता, तोंडाला फडकं, कानात मोबाईलच्या वायरी. मी हाक मारली. पुन्हा मारली. तो माझ्या समोरून निघून गेला आणि ओठ हलत होते, गाणं म्हणत होता.

त्याला थांबवून बोललो. आधी त्यानं ऐकून घेतलं नाही. "आण्णा, बारा तास नुसतं ह्ये ऐकत बसू व्हय? येडा हुईन." यावर मी काय बोलणार? पंचविशीत मला जे वाटायचं तेच तो बोलत होता. मी एवढंच म्हणालो की कानातलं गाणं पंख्याच्या वर काढतोस, म्हणजे कान दोन वेळा मारतोस. आणि पट्टा ओरडला तर ऐकणार कोण?

सूनबाईनं सांगलीहून कानावर बसवायचे जाड संरक्षक आणले, कारखान्यात वापरतात तसले. कापसाचे बोळे काही उपयोगाचे नाहीत, ते मी पूर्वी करून बघितले होते. हे चांगले दाबून बसले तर आवाज बराच कमी होतो. थोरल्यानं पहिल्या दिवशी त्याच्या आतच मोबाईलच्या वायरी घातल्या! मी चिडलो होतो, पण त्यानं मोबाईल दाखवला. आवाजाची रेघ निम्म्याच्याही खाली होती. बाहेरचा गोंगाट अडला की आतलं गाणं हळू लावलं तरी पुरतं. हे मला 1976 साली कुणी सांगितलं नाही. हाक मात्र त्याला तरीही ऐकू येत नाही. म्हणून ठरवलंय की ओळीच्या टोकाला त्यानं प्रत्येक वेळी मान वर करून बघायचं, आणि काम असेल तर मी तांबडा टॉवेल वर धरायचा. दर दोन तासांनी इंजिन बंद, संरक्षक काढून ट्रॅक्टरभोवती एक फेरी, मग इंजिन सुरू करून दोन मिनिटं नुसतं त्याचं ऐकायचं. ही शेवटची अट तात्यांच्या नावानं घातली, म्हणून त्यानं मानली.

दुपारी लिंबाखाली ट्रॅक्टर उभा राहतो. नात चहाची किटली घेऊन येते. थोरला मोबाईल बॉनेटवर ठेवून आकाशवाणी लावतो. इंजिन बंद असलं की त्या एवढ्याशा डबीचा आवाजही अख्ख्या ओळीत जातो. मी उजवा कान पुढं करून बसतो. आकडे तरीही माझ्या हाती लागत नाहीत, साठ आणि आठ मला एकच. मग नात माझ्यापुढं उकिडवी बसते आणि बेदाण्याचा भाव बोटांवर मोजून दाखवते. तिचं गणित कच्चं आहे. दहाच्या पुढं गेलं की ती पायाची बोटंही धरते.